शेवटच्या आवक क्रमांकानंतर : समाजमाध्यमांवरून केवळ नवे संदेश मिळविण्याची रीत

कोणत्याही शासकीय कार्यालयात टपाल आले, की प्रथम त्यावर आवक शिक्का उमटतो, नोंदवहीत त्याचा क्रमांक लिहिला जातो आणि मगच तो कागद संबंधित टेबलाकडे जातो. हा क्रमांक कशासाठी, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याची किंमत कागद हरवल्यावरच कळते. ग्रामस्थ अर्जाची पोच घेऊन कचेरीत येतो, कारकून त्या क्रमांकावरून नोंदवही उघडतो आणि अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे ते दोन मिनिटांत समजते. नोंदवहीतील क्रमांक सलग असतात. मध्येच एखादा क्रमांक गळला असेल, तर तो डोळ्यांना लगेच खुपतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तक्रार मांडण्याची आणखी एक वाट रूढ झाली आहे. श्री. सुरेश प्रभू हे रेल्वेमंत्री असताना, म्हणजे २०१४ ते २०१७ या काळात, प्रवाशाने धावत्या गाडीतून ट्विटरवर संदेश पाठवावा आणि पुढल्या एखाद्या स्थानकावर त्याची दखल घेतली जावी, असे प्रकार वारंवार घडू लागले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई शहर पुराने वेढले गेले, त्या वेळी अडकलेल्या माणसांचे पत्ते आणि मदतीच्या हाका याच वाटेने पसरल्या. अशा संदेशावर आवक शिक्का नसतो. तो कार्यालयाच्या दारात येऊन पडत नाही. माध्यम चालविणाऱ्या कंपनीच्या भांडारात तो पडलेला असतो आणि कार्यालयाने तेथे जाऊन तो आणावयाचा असतो. आणण्याच्या रीतीत दोष असेल, तर एखादा संदेश मागे राहतो, आणि तो राहिला हे कोणालाच कळत नाही. पाठविणाऱ्यास वाटते की शासनाने दुर्लक्ष केले. कार्यालयास वाटते की असा संदेश आलाच नव्हता. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

हे काम प्रत्यक्षात संगणकाची आज्ञावली करते आणि ती लिहिणारा तंत्रज्ञ बहुधा बाहेरचा असतो. तथापि ती आज्ञावली कोणत्या तत्त्वावर चालते हे ज्या अधिकाऱ्याच्या नावे ती चालविली जाते त्यास ठाऊक असले पाहिजे, आणि आपला संदेश कोठे हरवू शकतो हे तो पाठविणाऱ्यासही कळावयास हरकत नाही. या दृष्टीने प्रस्तुत लेखात या विषयाची ओळख करून दिली आहे.

खिडकी आणि तिची पाने

आपण समाजमाध्यम पडद्यावर वाचतो. चित्रे, रंग, जाहिराती यांमधून आपल्याला हवा तो मजकूर आपण शोधून काढतो. संगणकाला या सजावटीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कंपन्यांनी निराळी खिडकी ठेवलेली असते. तिला एपीआय असे म्हणतात. टपाल कचेरीच्या खिडकीशी तिची तुलना करता येईल. ठरलेल्या नमुन्यात मागणी करावयाची, सोबत आपले ओळखपत्र दाखवावयाचे, आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यावयाचे. ‘अमुक खात्यावरील संदेश द्या’ किंवा ‘ज्या संदेशांत अमुक शब्द आला आहे ते द्या’, अशी मागणी तेथे करता येते.

मात्र ही खिडकी मागितलेले सर्व काही एकाच वेळी देत नाही. ट्विटरच्या २०१२ साली आलेल्या आवृत्तीत एका खात्याचे संदेश एका मागणीस जास्तीत जास्त २०० आणि शोधाचे निकाल जास्तीत जास्त १०० मिळत. यूट्यूबच्या खिडकीवर चित्रफितींच्या यादीतील ५० नोंदी मिळतात. मॅस्टोडॉन या २०१६ साली सुरू झालेल्या माध्यमावर संदेशांच्या यादीतील ४० नोंदी मिळतात. उरलेले हवे असेल, तर पुन्हा मागावे लागते. प्रत्येक वेळी मिळणाऱ्या या गठ्ठ्यास ‘पान’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि घोटाळ्याचे मूळ याच शब्दात आहे.

पुस्तकाचे पान स्थिर असते. बारावे पान आज उघडा किंवा पुढील वर्षी उघडा, मजकूर तोच असतो. समाजमाध्यमावरील यादी मात्र अशी असते की नवा संदेश सर्वांच्या वर येऊन बसतो आणि खालचे सर्व संदेश एकेक पायरी उतरतात. एका पानावर २० संदेश आहेत असे धरू. संगणकाने पहिले पान मागितले आणि वरचे २० संदेश घेतले. ते लिहून होईपर्यंत पाच नवे संदेश आले. आता संगणक दुसरे पान मागतो, म्हणजे वरून एकविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे संदेश मागतो. परंतु पूर्वी जे सोळावे ते विसावे होते, तेच आता एकविसावे ते पंचविसावे झाले आहेत. ते पाच संदेश दुसऱ्यांदा मिळाले.

एकच तक्रार दोनदा नोंदली गेली तर फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरे आहे. उलटा प्रकार पाहावा. पहिले पान घेतल्यानंतर त्यातील पाच संदेश पाठविणाऱ्यांनी काढून टाकले. कोणाचा प्रश्न सुटला असेल, कोणी मजकूर चुकला म्हणून मागे घेतला असेल. आता खालची यादी पाच पायऱ्या वर सरकली. जे एकविसावे ते पंचविसावे होते, ते सोळाव्या ते विसाव्या जागी जाऊन बसले. संगणकाच्या मते पहिले पान वाचून झाले आहे, म्हणून तो एकविसाव्यापासून पुढे मागतो, आणि ते पाच संदेश त्याच्या हाती कधीच लागत नाहीत. दोष दाखविणारी कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही, कारण खिडकीने जे मागितले तेच दिले आहे.

म्हणून ‘कितवे पान’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आपली जुनी आवक नोंदवही येथे वाट दाखविते. ‘शेवटी नोंदलेला क्रमांक कोणता? त्यानंतरचे द्या’, ही मागणी योग्य होय. समाजमाध्यमावरील प्रत्येक संदेशास स्वतःचा क्रमांक असतो. यादी वर-खाली सरकली, तरी संदेशाचा क्रमांक बदलत नाही.

दोन कुंपणे

ट्विटरने यासाठी दोन साधने ठेवली होती. ‘सिन्स आयडी’ म्हणजे या क्रमांकानंतरचेच संदेश द्या, हे खालचे कुंपण. ‘मॅक्स आयडी’ म्हणजे या क्रमांकापर्यंतचे, त्याच्या वरचे नकोत, हे वरचे कुंपण. दोन्ही कुंपणे कशी वापरावयाची ते उदाहरणाने पाहू. खरे क्रमांक फार मोठे असतात आणि सलगही नसतात. पण समजण्यासाठी येथे लहान आणि सलग क्रमांक घेतले आहेत.

समजा, काल सायंकाळी कार्यालयाने घेतलेला शेवटचा संदेश ४१२० क्रमांकाचा होता. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळपर्यंत शेवटचा क्रमांक ४१८३ वर पोचला, म्हणजे ६३ नवे संदेश आले. खिडकीवर एका वेळी २० मिळतात. संगणक पहिली मागणी करतो : ४१२० नंतरचे द्या. खिडकी सर्वांत नवे २० देते, म्हणजे ४१८३ पासून ४१६४ पर्यंतचे. आता यातील सर्वांत लहान क्रमांक घ्यावयाचा, त्यातून एक वजा करावयाचा आणि वरचे कुंपण तेथे ठोकावयाचे : ४१२० नंतरचे, पण ४१६३ पर्यंतचे द्या. ४१६३ ते ४१४४ मिळतात. पुन्हा तसेच केल्यावर ४१४३ ते ४१२४ मिळतात. चौथ्या मागणीस ४१२३, ४१२२ आणि ४१२१ हे तीनच मिळतात. पाचव्या मागणीस काहीच मिळत नाही. येथे काम संपले. या दरम्यान ४१८४, ४१८५ असे आणखी संदेश वर येऊन बसले असतील, तरी ते वरच्या कुंपणाबाहेर असल्यामुळे मोजणीत गोंधळ होत नाही. पुढील खेपेस ४१८३ नंतरचे मागितले, की ते आपोआप येतील.

एक वजा करावयाचा, हे लहानसे काम अनेकांकडून राहते. ट्विटरच्या त्या आवृत्तीत ‘मॅक्स आयडी’चा अर्थ ‘तो क्रमांक धरून’ असा होता. एक वजा न केल्यास प्रत्येक गठ्ठ्याचा शेवटचा संदेश पुढील गठ्ठ्याच्या आरंभी पुन्हा येई. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत या कुंपणाचे नाव ‘अन्टिल आयडी’ झाले आणि अर्थ ‘तो क्रमांक सोडून’ असा झाला. तेथे वजाबाकीची आवश्यकता नाही. खिडकीचे नियम बदलले, की जुनी सवय तपासून पाहावी लागते, ती अशी.

क्रमांक केव्हा लिहावा

आता सर्वांत घातक चूक पाहू. पुढील खेपेसाठी ४१८३ हा क्रमांक जपून ठेवावयाचा आहे. तो केव्हा लिहून ठेवावा? पहिल्याच गठ्ठ्यात तो हाती आलेला असतो, म्हणून बहुतेक नवशिके तो तेव्हाच लिहून टाकतात. इतक्यात वीज जाते. संगणकाने २० संदेश घेतलेले आहेत. वीज परत आल्यावर तो टाचण पाहतो, तेथे ४१८३ लिहिलेले असते, आणि तो ४१८३ नंतरचे मागतो. मधले ४१२१ ते ४१६३, म्हणजे ४३ संदेश, कायमचे मागे राहिले. पावसाच्या रात्रीचे हे संदेश असतील, तर कोणाच्या घरात पाणी शिरले आणि कोठला साकव वाहून गेला, हे सारे त्या ४३ मध्ये असू शकते. वीजही नेमकी अशाच रात्री जाते.

यावर उपाय साधा आहे. चारही गठ्ठे हाती येऊन त्यांची नोंद पूर्ण झाल्यावरच ४१८३ हा क्रमांक लिहावयाचा. मध्ये खंड पडला, तर टाचणावर ४१२० हाच जुना क्रमांक राहील, संगणक पुन्हा आरंभापासून सर्व घेईल आणि पहिले २० दोनदा येतील. दोनदा आलेले ओळखून एक प्रत बाजूला ठेवणे सोपे असते, कारण दोन्हींचा क्रमांक एकच असतो. न आलेला संदेश ओळखण्याचा असा कोणताही मार्ग नाही. दुहेरी नोंद आणि गहाळ नोंद यांपैकी एक पत्करावयाची असेल, तर दुहेरी नोंद पत्करावी.

मॅस्टोडॉनने या अडचणीवर एक चांगली तोड काढली. तेथे ‘सिन्स आयडी’ आहेच, पण त्याशिवाय ‘मिन आयडी’ असे तिसरे साधन २०१८ साली जोडले गेले. दोन्हींचा अर्थ वरवर एकच वाटतो : अमुक क्रमांकानंतरचे द्या. फरक कोणत्या टोकापासून द्यावयाचे यात आहे. ‘सिन्स आयडी’ने मागितल्यास सर्वांत नवे वरून मिळतात, आणि वीस-चाळीसहून अधिक नवे असतील तर खालचा भाग मोकळा राहतो. ‘मिन आयडी’ने मागितल्यास आपल्या शेवटच्या क्रमांकास लागून असलेले संदेश प्रथम मिळतात : ४१२१ ते ४१४०, मग ४१४१ ते ४१६०, असे चढत जाता येते. प्रत्येक गठ्ठा नोंदला, की त्याचा सर्वांत मोठा क्रमांक टाचणावर लिहावा. वीज केव्हाही गेली, तरी जेथे थांबलो तेथूनच पुढे निघता येते. आवक कारकुनाची रीत हीच आहे.

प्रस्तुत लेखकाचा कल या चढत्या रीतीकडे आहे. परंतु पूरनियंत्रण कक्षासारख्या ठिकाणी काम करणारे अधिकारी यावर आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. त्यांना आत्ता काय चालले आहे ते प्रथम हवे. सहा तासांपूर्वीची हाक आधी आणि आत्ताची नंतर, असा क्रम त्यांना परवडत नाही. अशा ठिकाणी नवे वरून घ्यावेत, मात्र मधला मोकळा भाग कोठून कोठपर्यंत आहे, हे दोन क्रमांकांनी लिहून ठेवावे आणि तो भरेपर्यंत ती नोंद पुसू नये.

खिडकी मागे किती पाहू देते

मागे राहिलेले संदेश सावकाश घेऊ, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. ट्विटरच्या २०१२ सालच्या आवृत्तीत एका खात्याचे अलीकडचे ३२०० संदेशच या खिडकीतून मिळत असत. त्यापूर्वीचे भांडारात असूनही हाती येत नसत. दुसऱ्या आवृत्तीतील ‘अलीकडचा शोध’ या मागणीस मागील सात दिवसांतीलच संदेश मिळतात. कार्यालयाचा संगणक दिवाळीच्या सुटीत बंद राहिला आणि सुटीला जोडून रविवार आला, की त्या आरंभीच्या दिवसांतील संदेश खिडकीमागे जातात. असे झाले, तर खाते नेमके कोणत्या दिवसांना मुकले हे तरी सांगता आले पाहिजे, आणि ते शेवटच्या टाचणावरूनच कळते.

मागण्यांच्या संख्येवरही मर्यादा असते. ट्विटरच्या त्या आवृत्तीत पंधरा मिनिटांचा एक डाव मानला जाई, आणि एका वापरकर्त्याच्या वतीने शोधाच्या १८० मागण्या त्यात करता येत. त्याहून अधिक केल्यास ४२९ या क्रमांकाचे उत्तर येई. त्याचा अर्थ ‘फार मागण्या झाल्या, थांबा’. दर वेळी सारे पहिल्यापासून मागणारी आज्ञावली हा डाव काही मिनिटांत संपविते आणि उरलेला वेळ हात जोडून बसते. केवळ नवे मागणारी आज्ञावली सहसा एका-दोन मागण्यांत मोकळी होते.

यूट्यूबचे गणित तर शिक्षकांनी वर्गात घालावे असे आहे. तेथे आज्ञावलीस दिवसाकाठी सामान्यतः १०,००० एककांचा शिधा मिळे, आणि २०२४ साली लागू असलेल्या दरानुसार शोधाच्या एका मागणीस १०० एकके लागत. म्हणजे दिवसाला १०० शोध, सुमारे साडेचौदा मिनिटांस एक. परंतु एखाद्या वाहिनीवरील नव्या चित्रफितीच पाहावयाच्या असतील, तर शोधाची गरजच नाही. प्रत्येक वाहिनीची ‘अपलोड’ नावाची यादी असते आणि तिचे एक पान एका एककात मिळते. वरून वाचत जावे आणि ओळखीची चित्रफीत दिसली, की थांबावे. एकच काम, पण शंभर पटींनी स्वस्त. येथे पुढील पान मागण्यासाठी क्रमांक नव्हे तर खिडकीनेच दिलेली एक खूण वापरावी लागते. तिला ‘नेक्स्ट पेज टोकन’ म्हणतात. कपड्यांच्या दुकानात बिल्ला देतात, तसा हा प्रकार.

फेसबुकच्या खिडकीवरही ‘कर्सर’ नावाची अशीच खूण असते. तिच्याविषयी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली, ही खूण टाचणावर लिहून दीर्घकाळ जपण्याची नव्हे. यादीत भर पडली किंवा काही गळले, की ती निरुपयोगी होऊ शकते. ती त्या खेपेपुरती वापरावी. दुसरी, २५ मागितले आणि १९ आले, म्हणजे यादी संपली, असे समजू नये. ज्या नोंदी आपणास पाहण्याचा अधिकार नाही त्या कंपनी गाळते, त्यामुळे गठ्ठा लहान होतो. ‘पुढील’ हा दुवा उत्तरात येईनासा झाला, तरच यादी संपली. अनेक आज्ञावल्या येथे आधीच थांबतात.

क्रमांकांविषयी आणखी थोडे

आरंभी ट्विटरवरील संदेशांचे क्रमांक एकामागून एक वाढत जात. संदेशांची संख्या वाढली, तेव्हा एकाच ठिकाणी बसून क्रमांक देणे अशक्य झाले. एका गावच्या जत्रेत एकच पावतीपुस्तक पुरेनासे झाले म्हणजे चार जणांकडे चार पुस्तके द्यावी लागतात, तशी ही अडचण. २०१० साली त्यांनी ‘स्नोफ्लेक’ नावाची पद्धत आणली. तिच्यात क्रमांकाचा मोठा भाग वेळेपासून बनतो, हजारांश सेकंदापर्यंत. नंतर यंत्राची खूण आणि शेवटी त्या यंत्रावरील अनुक्रम. त्यामुळे अनेक यंत्रे एकाच वेळी क्रमांक देऊ शकतात आणि दोन क्रमांक कधी एक होत नाहीत. परंतु हे क्रमांक वेळेनुसार ढोबळ मानानेच लावलेले असतात; एका सेकंदाच्या आतला क्रम काटेकोर असेलच असे नाही. किंचित लहान क्रमांकाचा संदेश किंचित उशिरा यादीत दिसू शकतो. सावध तंत्रज्ञ म्हणूनच शेवटच्या क्रमांकापासून थोडे मागे जाऊन मागणी करतो आणि दोनदा आलेले गाळतो.

हे क्रमांक इतके मोठे आहेत की काही संगणकभाषांना ते पेलत नाहीत. जावास्क्रिप्ट या भाषेत ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक अंक म्हणून ठेवल्यास त्याचा शेवटचा आकडा ३ ऐवजी २ होतो, कारण तेवढ्या मोठ्या संख्यांत प्रत्येक पूर्णांकास जागा नसते. क्रमांक एकाने चुकला, की तो दुसऱ्याच संदेशाचा झाला. म्हणून ट्विटरने तोच क्रमांक अक्षरांच्या रूपातही द्यावयास सुरुवात केली. आज्ञावलीने तो अंक न मानता नाव मानावा. जमिनीचा सर्व्हे क्रमांक कोणी बेरजेसाठी वापरीत नाही, त्यातलाच हा भाग.

क्रमांकाऐवजी वेळ का वापरू नये, अशी शंका येईल. काही खिडक्यांवर ‘अमुक वेळेनंतरचे’ असे मागण्याची सोय आहे आणि कधी तोच एक मार्ग असतो. पण त्यात दोन खाचा आहेत. एकाच सेकंदात अनेक संदेश येतात, आणि गठ्ठा त्या सेकंदाच्या मध्येच तुटला, तर उरलेले राहतात. दुसरी खाच आपल्या देशापुरती विशेष आहे. या कंपन्यांची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी दहा वाजता ‘दहानंतरचे द्या’ असे भारतीय घड्याळ पाहून लिहिले आणि तो आकडा जागतिक वेळ म्हणून गेला, तर त्याचा अर्थ दुपारी साडेतीननंतरचे असा होतो. खिडकी नम्रपणे रिकामे उत्तर देते. कार्यालयात समजूत होते की आज तक्रारीच नाहीत, आणि अशी समजूत सर्वांनाच आवडत असल्यामुळे ती लवकर तपासली जात नाही.

केवळ नवे मागण्याच्या रीतीची एक उणीवही सांगितली पाहिजे. जुन्या संदेशात नंतर दुरुस्ती झाली, तर तिला नवा क्रमांक मिळेलच असे नाही. मॅस्टोडॉनवर २०२२ पासून संदेश दुरुस्त करता येतो आणि त्याचा क्रमांक तोच राहतो. ‘आम्ही शाळेच्या इमारतीत आहोत’ या संदेशाचे कोणी ‘आम्ही देवळात आहोत’ असे केले, तर शेवटच्या क्रमांकानंतरचे मागणाऱ्या संगणकास त्याचा पत्ता लागणार नाही. ज्या संदेशांवर कार्यवाही चालू आहे तेवढे क्रमांक वेगळे काढून ते मधून मधून पुन्हा पाहणे, एवढाच उपाय आहे. ग्रामस्थांनीही ठिकाण बदलल्यास जुना मजकूर खोडण्याऐवजी नवा संदेश पाठवावा, हे अधिक सुरक्षित.

खर्चाचाही विचार आता करावा लागतो. ट्विटरने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या खिडकीचा विनामूल्य वापर बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्या माध्यमाचे नाव एक्स असे झाले. ज्या कार्यालयांना तेथून संदेश घ्यावयाचे असतात त्यांना मागण्या आणि संदेश यांच्या संख्येकडे पैशाच्या दृष्टीनेही पाहणे भाग पडले. तेच संदेश पुन्हा पुन्हा आणणारी आज्ञावली ही सरकारी खर्चाची बाब झाली आहे, आणि लेखापरीक्षकाने तिच्याविषयी प्रश्न विचारल्यास त्यात वावगे काही नाही.

वर्गातील एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय संगणकाशिवाय शिकविता येईल. कागदाच्या साठ चिठ्ठ्यांवर १ ते ६० क्रमांक घालावे आणि त्या फळ्यावर मोठा क्रमांक वर येईल अशा एकाखाली एक लावाव्या. एका विद्यार्थ्याने खिडकी व्हावे. तो एका वेळी दहाच क्रमांक वाचून दाखवील. दुसऱ्याने कारकून होऊन ते वहीत लिहावे. तिसऱ्याने, कारकून लिहीत असताना, फळ्याकडे पाठ असलेल्या वर्गास न कळता कधी वर दोन नव्या चिठ्ठ्या लावाव्या, कधी वाचून झालेल्यांतील तीन काढून घ्याव्या. कारकुनाने प्रथम ‘पहिले दहा, दुसरे दहा’ असे मागत जावे. शेवटी वही आणि फळा ताडून पाहावा. फळ्यावर आहेत पण वहीत नाहीत, असे क्रमांक वर्गाने मोठ्याने वाचावे.

दुसऱ्या फेरीत कारकुनाने क्रमांकावरून मागावे, आणि दोन गठ्ठे झाल्यावर शिक्षकांनी त्यास न सांगता वर्गाबाहेर पाठवावे. त्याच्या जागी नवा विद्यार्थी बसवावा. त्याच्या हाती वही आणि टाचणाची एक चिठ्ठी एवढेच द्यावे, आणि खिडकीस पहिली मागणी काय करावयाची हे त्याचे त्यास ठरवू द्यावे.